भाडे, किराया आणि मराठी साहित्यातील घर

मराठी कथा-कादंबऱ्यांत भाड्याच्या घरात राहणारी माणसे मोजायला बसले तर यादी संपणार नाही. चाळीतला कारकून, गिरणीतला कामगार, पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत संसार थाटलेला मास्तर, नोकरीच्या गावी खोली शोधत फिरणारा तरुण. विसाव्या शतकातील आपल्या साहित्याचा मोठा भाग या माणसांनी व्यापलेला आहे. त्या मानाने ‘भाडे’ हा विषय आपल्या समीक्षेत फारसा आलेला नाही. चाळीतल्या विनोदावर आपण लिहिले, झोपडपट्टीच्या वास्तवावर लिहिले, दलित साहित्यातील विद्रोहावर तर पुष्कळच लिहिले. पण ही माणसे ज्या छपराखाली राहतात ते त्यांना कोणत्या अटींवर मिळाले, ते किती दिवस टिकणार होते आणि कोणाला ते मिळालेच नाही, हे वाङ्मयीन प्रश्न म्हणून क्वचितच विचारले गेले. या लेखात ते विचारायचे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या साहित्यातले भाड्याचे घर बऱ्याच अंशी कायद्याने घडवले आहे. आणि ज्या माणसापर्यंत त्या कायद्याचे संरक्षण पोचले नाही, त्याची खोली साहित्यातही अपवादानेच आली आहे.

हे मी धावड्यात बसून लिहितो आहे, म्हणून आधी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. भोकरदन तालुक्यातल्या या गावात, आणि मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी, माणूस ‘भाड्याने’ राहत नाही, ‘किरायाने’ राहतो. निजामी राजवटीच्या काळात रुळलेला हा शब्द अजून तसाच चालतो. प्रमाण मराठीत मात्र ‘भाडे’ आहे, आणि त्याच्या पोटातून आलेला ‘भाडोत्री’ हा शब्द आपण सैन्याला, गुंडांना आणि टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांना लावतो. ज्याची निष्ठा विकत घेतलेली आहे तो भाडोत्री. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हणही भाड्याने राहणाऱ्याच्या वाट्याला सहानुभूतीपेक्षा थट्टाच जास्त आणते. मालकीचे घर हीच सभ्य स्थिती आणि भाड्याचे घर ही तिथवर पोचेपर्यंतची तडजोड, अशी समजूत भाषेतच मुरलेली आहे. पुढे ज्या सरकारी धोरणांचा उल्लेख येणार आहे, त्यांतही हीच समजूत आहे.

चाळ आणि १ सप्टेंबर १९४०

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. तिचा विनोद, तिची व्यक्तिचित्रे आणि शेवटच्या ‘एक चिंतन’मधला हळवा सूर यांवर लिहून झाले आहे. मला तिच्यातल्या एका साध्या गोष्टीचे नवल वाटते. चाळकरी एकदा मालकाविरुद्ध चळवळ करतात. त्या प्रकरणाचे नाव ‘गच्चीसह झालीच पाहिजे’. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे ते विडंबन आहे हे उघडच आहे. पण चळवळ कशासाठी, तर गच्ची वापरायला मिळावी म्हणून. मध्यमवर्गीय, तुटपुंज्या पगाराची ही माणसे एकत्र येतात तेव्हा भाडे त्यांच्या लढ्याच्या मध्यभागी नसते. गच्ची असते.

याचे कारण लेखकाच्या स्वभावात शोधण्याआधी मुंबईच्या कायद्यात शोधावे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाड्यावर पहिले निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा लागू झाले आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना पक्के रूप दिले. १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या जागेला जे भाडे होते, ते तिचे प्रमाण भाडे ठरले. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चालला. भाडे भरत राहिलेल्या आणि कायद्यातल्या मोजक्या कारणांत न सापडलेल्या भाडेकरूला काढणे मालकाला जवळजवळ अशक्य झाले.

‘बटाट्याची चाळ’ या कायद्यानंतर अकरा वर्षांनी आलेली आहे. एकाच खोलीत दोन-तीन पिढ्या, शेजाऱ्याच्या घरातली बारीकसारीक माहिती, वर्षानुवर्षे चालणारी भांडणे आणि तितकीच जुनी माया, हे सगळे घडायला माणसे एका जागी टिकावी लागतात. ती टिकली याचे मोठे कारण भाडे गोठलेले होते हे आहे. ज्याला आपण चाळसंस्कृती म्हणतो आणि जिच्या आठवणीने गहिवरतो, तिच्या पायात कायद्याचा दगड आहे. चाळीची पडझडही त्याच दगडावर उभी आहे. भाडे १९४० चे आणि चुना-लाकडाचे दर चालू काळाचे, मग मालक दुरुस्ती कशाला करील? पुस्तकात ती पडझड हसण्यावारी जाते. प्रत्यक्षात १९६९ मध्ये शासनाला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून उपकर बसवावा लागला. तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या कित्येक पुढे पडल्या आणि माणसे मेली.

या कायद्याची दुसरी बाजू म्हणजे तो आत असलेल्याचा कायदा होता. बाहेरून येणाऱ्याला खोली हवी असेल तर पागडी मोजावी लागे. ती बेकायदा होती, सर्वांना माहीत होती, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने अखेर तिला मान्यताच दिली. त्याआधी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले होते. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, भाड्यात दर वर्षी चार टक्के वाढीला मुभा मिळाली. तोपर्यंत मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा आणि विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा आदेश चालू होता. एका राज्यात चाळीस वर्षे तीन कायदे होते. पण साहित्यात उमटली ती मुंबईच्याच कायद्याची सावली.

दोन सोंगे

आत असलेल्याचे चित्र पु. लं.नी काढले, तर दारात उभ्या असलेल्याचे चित्र बाबूराव बागुलांनी. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. नोकरी आहे, पगार आहे, पण डोके टेकायला जागा हवी तर जात सांगावी लागते. तो ती लपवतो. त्याला आसरा मिळतो, मान मिळतो, आणि जात उघड होताच मार मिळतो. दलित साहित्याच्या इतिहासात ही कथा मैलाचा दगड मानली जाते ते योग्यच आहे. माझी सूचना एवढीच, की ती घराच्या शोधाची कथा म्हणूनही वाचावी. जातीचा प्रश्न तिथे देवळात किंवा पाणवठ्यावर पेटत नाही, राहायची जागा शोधण्यातून पेटतो. शहरात जात विरघळते या आशेची परीक्षा बागुलांनी निवाऱ्याच्या दारात घेतली.

पंचवीस वर्षांनी, १९८८ मध्ये, सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट आला. वसंत सबनीसांची लेखणी, आणि कथेचे मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये. पुण्यात खोली मिळत नाही म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायका होतात, कारण घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देणार असतात. महाराष्ट्र गेली पस्तीसहून अधिक वर्षे या चित्रपटावर हसतो आहे, मीही हसतो. पण बागुलांच्या कथेशेजारी तो ठेवला की गंमत वेगळी दिसू लागते. दोन्हीकडे गाठ एकच आहे. खोली हवी असेल तर तुम्ही जे आहात ते लपवा. एकाने जात लपवली, दुसऱ्यांनी अविवाहित असणे. एकाचे सोंग उघडे पडले तेव्हा रक्त आले, दुसऱ्यांचे उघडे पडले तेव्हा लग्ने जमली. हा फरक लेखनप्रकाराचा आहे तसाच तो जातीचाही आहे. कोणाचे खोटे माफ होते हे त्यावरून कळते.

या दोन्ही कलाकृती ज्या ठिकाणी बोट ठेवतात तिथे कायदा गप्प आहे. भाडे नियंत्रण कायदा घरात शिरलेल्याचे रक्षण करतो. दार उघडायची सक्ती मालकावर करत नाही. आजही ‘बॅचलर चालणार नाही’, ‘फक्त शाकाहारी’, ‘फॅमिलीलाच’ या अटी एजंट फोनवर सांगतो. आडनाव विचारणे ही तर पहिली पायरी. आडनावावरून कळले नाही तर मूळ गाव विचारतात.

दरम्यान कायद्याने भाडेकरू हा शब्दच बाजूला सारला. मालकाला जागा परत मिळण्याची हमी हवी म्हणून ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पद्धत आली, आणि १९९९ च्या कायद्याने तिला बळ दिले. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस कायद्याच्या लेखी भाडेकरू नसून परवानगीने जागा वापरणारा असतो. मुदत संपली की त्याने निघायचे. बटाट्याच्या चाळीतली पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख अकरा महिन्यांत होत नाही. चाळीवर लिहिणारी परंपरा मंदावली याची कारणे आपण टॉवर आणि टीव्ही यांत शोधतो. कराराची मुदतही त्या यादीत घातली पाहिजे.

एकशे साठ चौरस फूट

शासनाने स्वतः भाड्याची घरे बांधण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार एकखणी खोल्यांचा संकल्प केला. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. म्हणजे काळ्या रानात पिकलेल्या कापसाने त्या चाळींना हातभार लावला होता. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, प्रत्येकीत ८० खोल्या. खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. संकल्पाच्या एक तृतीयांशावर काम थांबले. सुरुवातीला कामगारांना भाडे परवडेना म्हणून कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. पुढे मात्र त्या गच्च भरल्या आणि शहराच्या कामगार चळवळीचे, आंबेडकरी चळवळीचे आणि लोककलेचे घर झाल्या.

याच सुमारास व्हिएन्ना शहराची नगरपालिका कामगारांसाठी घरे बांधत होती. १९२३ मध्ये तिने खास घरबांधणी कर बसवला आणि मोठ्या घरांवर तो चढत्या दराने घेतला. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या कार्ल मार्क्स-होफ या एकाच वसाहतीत १,३८२ घरे आहेत. फरक पुढचा आहे. व्हिएन्नाने ती घरे विकली नाहीत, भाड्यानेच ठेवली आणि भर घालत राहिली. आज तिथे नगरपालिकेची सुमारे २ लाख २० हजार घरे भाड्याने आहेत. एक कुटुंब निघाले की दुसरे येते.

महाराष्ट्राने उलट वाट धरली. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाडेतत्त्वावरील घरांची योजना आणली. बिल्डरला वाढीव चटई क्षेत्र द्यायचे आणि त्याच्याकडून लहान घरे घ्यायची. घराचे क्षेत्रफळ किती, तर १६० चौरस फूट. ऐंशीहून अधिक वर्षांनंतर, गरीब भाडेकरूला किती जागा पुरते याचे सरकारी उत्तर एका फुटानेही बदलले नव्हते. पण तीही भाड्याने राहिली नाहीत. योजनेचे रूप बदलले. पनवेलजवळ कोन येथील खोल्या दोन-दोन जोडून ३२० चौरस फुटांच्या झाल्या आणि २०१६ मध्ये अशा २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली. मालकीने. आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याही मालकीच्या. शंभर वर्षे दाटीत राहिलेल्यांना हे मिळाले याचा आनंदच आहे. पण उद्या मुंबईत कामाला येणाऱ्या मुलासाठी सरकारी भाड्याची जी खोली होती, ती आता त्या शहरात उरणार नाही, हेही त्याच वेळी घडते आहे.

आकडे पाहावेत. १९६१ मध्ये शहरी भारतातली निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे साडेसत्तावीस टक्के झाले. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी घरांची तूट १ कोटी ८७ लाखांहून अधिक सांगितली, आणि तिच्यातला जवळजवळ सगळा भाग अल्प व अत्यल्प उत्पन्न गटांचा होता. त्याच जनगणनेत शहरांमध्ये १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी होती. एकीकडे तूट आणि दुसरीकडे कुलपे. याला नुसता घरांचा तुटवडा म्हणता येत नाही. गरिबाला परवडेल अशा भाड्याच्या घरांचा तो तुटवडा आहे.

गावातून दिसणारे

धावड्याकडून पाहिले तर हा प्रश्न आधी दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भारतात शंभरातली सुमारे पंचाण्णव कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात. गावातले धोरण म्हणजे घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेत २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ही रक्कम २०१६ मध्ये ठरली. स्वतःची जागा असेल तर घर, नसेल तर आधी जागा शोधा. किरायाने राहणारा या हिशेबात बसत नाही.

गावात किरायाने राहतो तो बाहेरून नोकरीला आलेला माणूस. मास्तर, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, बँकेतला कर्मचारी. त्यांनी मुख्यालयी राहावे अशी अट आहे, घरभाडे भत्ता आहे, आणि भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही मागितला जातो. गंगापूर मतदारसंघाचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये विधानसभेत हा विषय काढला तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. शिक्षकांवर टीका झाली, शिक्षकांनी मोर्चे काढले. पण गावात किरायाने देण्यासारखे, संडास-पाण्याची सोय असलेले घर आहे का, ते कोणी बांधायचे, या प्रश्नावर कोणी फार वेळ थांबले नाही. भत्ता कागदावर आणि घर तालुक्याच्या गावी, अशी ती व्यवस्था आहे.

उलट दिशेने गाव रिकामे होते. आमच्या भागातली पोरे सिल्लोडला जातात, जालन्याला जातात, वाळूजला जातात. वाळूजच्या कारखान्यांना लागून असलेल्या रांजणगाव, जोगेश्वरी या गावांत शेतकऱ्यांनी पिकाऐवजी खोल्या उभ्या केल्या आहेत. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, एका टोकाला नळ, एका खोलीत चार जण. पावती नाही, करार नाही. परीक्षेची तयारी करणारी पोरे पुण्याच्या पेठांत ‘कॉट बेसिस’वर राहतात. त्यांनी खोली किरायाने घेतलेली नसते, खोलीतली खाट घेतलेली असते. बापाचे घरकुल गावात कुलूपबंद आणि मुलगा खाटेचा किराया भरतो, हे चित्र आता मराठवाड्यात घरोघरी आहे. त्याला एक सरकार घर असलेला म्हणून मोजते आणि दुसरे शहर त्याला मोजतच नाही.

या अवस्थेची किंमत आमच्याच लोहमार्गावर दिसली. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. ते मध्य प्रदेशातले होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते आणि टाळेबंदीत रुळावरून चालत निघाले होते. ते निघाले याला काम बंद, मजुरी बंद, गाड्या बंद अशी अनेक कारणे होती. पण ज्या गावात काम आहे तिथे कामाशिवाय टिकून राहण्याचा हक्क त्यांच्यापैकी कोणालाही नव्हता, हे त्या सगळ्या कारणांच्या मुळाशी होते. त्याच्या तीनच आठवडे आधी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी, अशा सूचना मालकांना दिल्या होत्या. कराराविना राहणाऱ्याच्या हाती अशा सूचनेने काय लागणार?

त्या घटनेनंतर आठवडाभरात केंद्राने स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे भाड्याने द्यायची, हा तिचा पहिला भाग. त्याखाली देशात ५,६४८ घरे भाड्याने दिली गेली. चंदीगड, गुजरात, राजस्थान, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीर एवढीच नावे त्या यादीत आहेत. महाराष्ट्र नाही. २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणात विद्यार्थी, नोकरदार स्त्रिया, औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे, हे नोंदवले पाहिजे. पण त्या धोरणाचे नावच ‘माझे घर, माझे अधिकार’ असे आहे. ‘माझे’ या शब्दाचा अर्थ आपल्याकडे सातबारा किंवा खरेदीखत असाच लावला जातो, हे समीक्षकाने तरी विसरू नये.

समीक्षेपुढचे काम

साहित्य म्हणजे धोरणाचा अहवाल नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मान्य आहे. लेखकाने भाड्याच्या दरावर कादंबरी लिहावी असे मी म्हणत नाही. पण घर हा साहित्याचा जुना विषय आहे, आणि त्यातल्या माणसांचे संबंध घराच्या अटींनी घडतात. जयवंत दळवींच्या ‘चक्र’मधली माणसे, दया पवारांच्या ‘बलुतं’मधला कावाखाना, बटाट्याची चाळ आणि बागुलांचा परगावी गेलेला रेल्वे कामगार, हे सगळे एका प्रश्नाच्या वेगवेगळ्या बाजूंना उभे आहेत. आपण त्यांना विनोदी, वास्तववादी, दलित अशा खणांत ठेवले आणि त्यांचा आपापसांतला संवाद बंद केला.

दुसरे असे, की हा संवाद पुन्हा सुरू केला की त्यातली रिकामी जागा दिसते. मुंबईत गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, कोकणातला आणि घाटावरचा माणूस तिथे उतरत असे, म्हणून त्याचे स्थलांतर साहित्यात आले. मराठवाडा १९५६ पर्यंत दुसऱ्या राज्यात होता. त्याच्या पोरांना मुंबईत अशी खोली नव्हती, आणि माझ्या मते म्हणूनच त्यांच्या किरायाच्या खोलीला मराठीत परंपरा नाही. आज रांजणगावच्या पत्र्याखाली आणि सदाशिव पेठेतल्या खाटेवर लिहू शकणारी मुले आहेत. दिवाळी अंकांकडे येणाऱ्या त्यांच्या कथांत शेत असते, दुष्काळ असतो, बाप असतो. ज्या खोलीत बसून ते लिहितात ती खोली नसते. ती कथेत आणण्याजोगी आहे, असे त्यांना सांगणारी समीक्षा आपण लिहिलेली नाही.

धोरणापुढे मागणी एकच ठेवावीशी वाटते. सरकारी पैशाने, सरकारी जमिनीवर किंवा सरकारने दिलेल्या चटई क्षेत्रातून भाड्यासाठी म्हणून बांधलेले घर भाड्याचेच राहावे, विकले जाऊ नये. जालना आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींभोवती अशी घरे बांधायला जमीन आहे, गरजू माणसे आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या गाठीवर रुपया बसवून ती बांधता येतात याचा दाखलाही आहे. या वेळी खोली एकशे साठ चौरस फुटांपेक्षा थोडी मोठी असावी, आणि दारात आडनाव विचारले जाऊ नये.